भीती तीमथ्याची, काम करिंथकरांचं

तरुणांच्या शिबिरात हमखास वाचलं जाणारं वचन तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातलं असतं: देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही. थर्माकोलच्या अक्षरांत भिंतीवर तेच, टी-शर्टच्या पाठीवरही तेच. पण आपल्या या तरुण सहकाऱ्याबद्दल, तीमथ्याबद्दल, प्रेषित पौलाने आणखी एक ओळ लिहिली आहे आणि ती कुठल्याच टी-शर्टवर दिसत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात, वर्गणीच्या आणि प्रवासाच्या मजकुरात ती दडून बसली आहे. तीमथ्य आला तर तो तुमच्याजवळ निर्भयपणे राहील असं बघा, त्याला कुणी तुच्छ मानू नये, असं पौल तिथे सांगतो. हे तो तीमथ्याला सांगत नाही, करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला सांगतो.

म्हणजे पौलाने भीतीची जबाबदारी वाटून दिली आहे. तीमथ्याने हिंमत धरायची हे खरंच, पण त्याला घाबरायची वेळ येऊ नये हे बघणं मंडळीचं काम. आपल्याकडे या वाटणीतला पहिला अर्धा भाग तेवढा शिकवला जातो. वार्षिक सभेत दरवर्षी तीच तक्रार होते की तरुण पुढे येत नाहीत, मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, संडे स्कूलला शिक्षक मिळत नाहीत. मग शिबिर ठरतं, बाहेरगावचा वक्ता येतो, मोशे, गिदोन, यिर्मया असे सगळे घाबरलेले लोक ओळीने उभे केले जातात. मुलं भारावतात, हात वर करतात. पुढच्या रविवारी मंडळीत काहीच बदललेलं नसतं, त्यामुळे तीही बदलत नाहीत.

आमचं म्हणणं एवढंच आहे की सेवेची भीती बहुतेक वेळा विश्वासाच्या कमतरतेतून येत नाही. मंडळी काम ज्या पद्धतीने सोपवते, त्या पद्धतीतून ती येते.

घरगुती प्रार्थनासभेचंच बघा. वीस-पंचवीस माणसं चटयांवर बसलेली. पाळकांचा संदेश संपतो, आत कपबशा वाजू लागतात आणि पाळक अचानक म्हणतात, "आता आपला तरुण भाऊ आपल्याला प्रार्थनेत चालवील." तरुण भाऊ एकोणीस वर्षांचा. त्याला आधी कुणी काही सांगितलेलं नाही. तो उभा राहतो, "प्रभू, प्रभू" असं सात-आठ वेळा म्हणतो, आजारी माणसाचं नाव विसरतो आणि तीस सेकंदांत "आमेन" म्हणून खाली बसतो. चुलतभाऊ गालातल्या गालात हसतो. एखादी आजी प्रेमानेच म्हणते, "शिकेल हळूहळू." पुढच्या सभेला तो चपलांपाशी उभा राहतो, त्याच्या पुढच्या सभेला क्लास असतो. यात देवाच्या पाचारणाचा प्रश्न कुठेच आलेला नाही. तयारीशिवाय, सर्वांसमोर, एकट्याने आणि दुसऱ्या संधीची खात्री नसताना कुणालाही उभं केलं तर हेच होईल, मग तो बँकेतला अधिकारी का असेना.

"युवक रविवार" हा याचाच मोठा अवतार. वर्षातून एकदा सगळी उपासना तरुणांच्या हाती. एक जण संदेश देतो, दुसरा प्रार्थना चालवतो, तिसरी शास्त्रपाठ वाचते आणि सगळ्यांची पहिली वेळ त्याच दिवशी येते. चुका होतातच. मग उरलेले एक्कावन्न रविवार खुर्च्या लावणं, स्पीकर उचलणं आणि प्रीतिभोजनात वाढणं. खुर्च्या लावण्यात कमीपणा नाही, पण तीन वर्षं खुर्च्याच लावल्यावर त्या मुलाला मंडळी आपल्याला कशी बघते ते बरोबर कळतं. मुलींच्या बाबतीत आणखी एक दार बंद असतं. त्यांना एकल गीत आणि संडे स्कूल मिळतं, व्यासपीठ क्वचितच.

भीती दूर करायची तर ती कसली आहे हे आधी विचारावं लागतं, कारण प्रत्येकीचा उपाय वेगळा. अडखळण्याची भीती सरावाने जाते. "मी कोण सांगणारा, माझं आयुष्य कुठे तसं आहे" ही भीती सरावाने जात नाही, तिच्यासाठी बंद दाराआडचं मोकळं बोलणं लागतं. लोकांच्या जिभेची भीती त्या मुलाने कितीही प्रार्थना केली तरी पूर्ण जाणार नाही, कारण जीभ त्याची नाही. बाहेरच्या विरोधाची भीती अर्धी अज्ञानातून येते आणि नेमकी माहिती दिली की उतरते. या चारींना "विश्वास ठेव, बाळा" हे एकच औषध देणं म्हणजे ताप, मोडलेला हात आणि उपाशीपणा यांवर एकच गोळी देण्यासारखं आहे.

आणखी एक भीती आहे, तिचं नाव कुणी घेत नाही: देवनागरीची. पुण्या-मुंबईतच नव्हे, नगर-सोलापूरकडेही आता बरीच मुलं इंग्रजी माध्यमात शिकलेली असतात. त्यांना मराठी बोलता येतं, गाता येतं, पण पवित्र शास्त्रातलं "नीतिमत्त्व" किंवा "नबुखद्नेस्सर" सर्वांसमोर वाचायचं म्हटलं की घाम फुटतो. हे सांगायची लाज वाटते, म्हणून मूल "मला सेवेचं पाचारण नाही" असं सांगून मोकळं होतं. इलाज अगदी साधा आहे. वाचायचा भाग बुधवारीच द्यावा, शनिवारी रात्री नव्हे. दहा ते पंधरा ओव्यांहून, म्हणजे वचनांहून, मोठा नसावा. सोळा-अठरा पॉइंटच्या मोठ्या अक्षरात छापून द्यावा, जोडाक्षरं आणि विशेषनामं पेन्सिलीने फोडून लिहावीत, श्वास घ्यायच्या जागी तिरपी रेघ मारावी. घरी मोठ्याने पाच वेळा वाचायचं, त्यातलं एकदा उभं राहून. कुणी स्वतःची प्रार्थना फोनवर रोमन अक्षरांत लिहून आणली तर आणू द्यावी. देवाला लिपी कळते की नाही हा वाद पंचांच्या, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांच्या, बैठकीत घालायचा असेल तर घाला, पण त्या मुलीच्या तोंडावर नको.

काम शिकवायची आपली एक जुनी रीत आहे आणि ती परकी नाही. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभा असतो. तो चाल उचलतो, ध्रुवपद धरतो, बुवांना कुठे श्वास हवा आहे ते ओळखायला शिकतो. पुढे कधीतरी बुवा त्याला एखादा अभंग सोडवायला देतात आणि स्वतः बाजूला उभे राहतात. एकोणिसाव्या शतकातच नगरकडच्या मंडळ्यांनी कीर्तन आपलंसं केलं, कृष्णराव सांगळ्यांसारखे ख्रिस्ती कीर्तनकार त्यातून उभे राहिले आणि पुढे नारायण वामन टिळकांनी भजनाची भाषा उपासनेत मुरवली. आपण चाली घेतल्या, टाळ घेतले, पण टाळकऱ्याला मागे उभं करून घडवायची रीत मात्र वाटेत कुठेतरी सांडली. आता एक तर माणूस बाकावर असतो नाही तर थेट माइकपुढे.

मधल्या पायऱ्या परत बांधायच्या तर सहा महिने पुरतात. एका मार्गदर्शकाकडे दोनच तरुण द्यावेत, फार तर तीन. भेट दर पंधरा दिवसांनी, पाऊण तास. पहिल्या महिन्यात तरुणाने फक्त बरोबर जायचं: आजाऱ्याच्या भेटीला, शोकाकुल घरी, उपासनेआधीच्या तयारीला. काही बोलायचं नाही, नंतर काय पाहिलं ते सांगायचं. दुसऱ्या महिन्यात शास्त्रवाचन, दोनदा. तिसऱ्यात प्रार्थना, आधी चार माणसांत, मग प्रार्थनासभेत. प्रार्थनेसाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळी पुरतात: उपकार, कबुली, इतरांसाठी मागणं आणि ज्यांची नावं घ्यायची ती नावं. दीड ते दोन मिनिटं भरपूर झाली. लांब प्रार्थना म्हणजे खोल प्रार्थना हा समज मोठ्यांनीच पसरवला आहे. चौथ्या महिन्यात तीन मिनिटांची साक्ष. मराठी बोलताना मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात, म्हणजे साडेतीनशे शब्दांच्या आत. उरलेले दोन महिने एखादं पूर्ण काम, तरुणाने निवडलेलं.

माइकचंही शिकवावं लागतं. तोंडापासून चार बोटं, हनुवटीच्या किंचित खाली. रिकाम्या मंदिरात एकदा बोलून बघायचं, कारण स्वतःचा आवाज स्पीकरमधून पहिल्यांदा ऐकला की माणूस दचकतो आणि पहिलं वाक्य गिळतो. ते दचकणं शनिवारी संध्याकाळी उरकून घ्यावं.

संडे स्कूलच्या बाबतीत मंडळ्या सर्वांत निष्काळजी असतात. सतरा वर्षांच्या मुलीला मागच्या व्हरांड्यात चार ते चौदा वयाची तीस मुलं देऊन टाकतात आणि दार ओढून घेतात. तिसऱ्या रविवारी ती रडवेली होते, पाचव्या रविवारी येत नाही, मग "आजकालच्या मुलांना टिकून राहायला नको" हे ऐकावं लागतं. वयाप्रमाणे दहा-बारांचे गट करावेत. पहिला महिना तिने अनुभवी शिक्षिकेशेजारी बसावं, दुसऱ्यात पाच मिनिटांची गोष्ट सांगावी, तिसऱ्यात पूर्ण पाठ घ्यावा आणि तेव्हाही शिक्षिका खोलीत असावी. वर्गात दोन मोठी माणसं असणं मुलांच्या सुरक्षेसाठीही हवंच. मार्गदर्शनालाही हाच नियम लावावा. अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींशी भेट उघड्या जागी, पालकांना सांगून, मुलींसाठी स्त्री मार्गदर्शक आणि रात्रीचे खाजगी मेसेज नाहीत. लैंगिक अपराधांपासून मुलांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ पासून आहे. मंडळीत सगळे ओळखीचेच, असं म्हणून तो बाजूला ठेवता येत नाही.

मोठी पायरी चढवायला वर्षातला एक दिवस अगदी योग्य आहे आणि तो आपण वाया घालवतो. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार. सात संदेश, सात वक्ते, प्रत्येकी दहा-बारा मिनिटं. एकाचं चुकलं तरी उपासना कोसळत नाही, कारण आधी आणि नंतर दुसरे आहेत. तरीही सातही जागा ज्येष्ठांत वाटल्या जातात आणि अनेक ठिकाणी त्या वर्षानुवर्षं त्याच घरांत फिरतात. यातल्या दोन जागा तरुणांसाठी ठेवाव्यात. कुठल्या, हेही महत्त्वाचं. चौथा उद्गार, "माझ्या देवा, माझ्या देवा," नवख्याला देऊ नये. तो जाणत्या उपदेशकांनाही पेलत नाही. पाचवा, तहानेचा, पहिल्या संदेशाला उत्तम. प्रसंग छोटा, डोळ्यांपुढे उभा राहणारा, योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातली दोनतीन वचनं, आणि तहान कुणाला समजावून सांगावी लागत नाही. तिसरा, आईला शिष्याच्या हाती सोपवण्याचा, दुसऱ्यासाठी ठीक.

उपवासकाळ सुरू होतो त्या भस्म बुधवारपासून उत्तम शुक्रवारपर्यंत सहा आठवडे आणि दोन दिवस मिळतात. पहिल्या आठवड्यात तो भाग रोज वाचायचा, टीकाग्रंथ, म्हणजे शास्त्रावरची भाष्यं, उघडायचे नाहीत. दुसऱ्यात संदेश एका वाक्यात लिहायचा. ते वाक्य सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. गडबड नेमकी इथे होते. मुलं यूट्यूबवरची तीन प्रवचनं जोडतात आणि दहा मिनिटांत पाच मुद्दे कोंबतात. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण लेखन, हजार-अकराशे शब्द. चौथ्यात मार्गदर्शकापुढे मोठ्याने वाचून पाव भाग कापायचा. पाचव्यात रिकाम्या मंदिरात माइकवर. सहाव्यात तीन माणसांपुढे आणि त्यातलं एक माणूस असं असावं ज्याला धर्मशास्त्राची भाषा येत नाही. शेवटचे दोन दिवस काहीच करायचं नाही. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ, बाकी कागद हातात असू द्यावा. कागद हातात असला म्हणजे आत्मा काम करत नाही, असं म्हणणारे एकदोघे प्रत्येक मंडळीत असतात, त्यांना प्रीतिभोजनाची जबाबदारी द्यावी.

संदेशानंतरचा पाऊण तास संदेशाइतकाच नाजूक असतो. फाटकापाशी, चहाच्या वेळी, "छान झालं हो, पण" असं म्हणणारे काका उभेच असतात. म्हणून एक नियम पाळकांनी आधीच जाहीर करावा: रविवारी कुणीही सुधारणा सांगायची नाही. त्या दिवशी फक्त नेमकं कौतुक. "छान" नव्हे, तर "येशूच्या ओठांशी धरलेल्या स्पंजाचं वर्णन केलंत तिथे मागच्या बाकांवर शांतता पसरली" असं. सुधारणा मार्गदर्शकाने सांगायची, मंगळवार-बुधवारी, एकट्यात आणि एका वेळी एकच. आवाज पडतो, हात हलतात, उच्चार चुकतो, शेवट लांबला, या चारही गोष्टी एकदम सांगितल्या तर तरुणाला आपण चार ठिकाणी नापास झालो एवढंच कळतं.

आणि चूक मोठी झाली तर? पौल आणि बर्णबा यांच्या सेवेच्या प्रवासातला सोबती मार्क पंफुल्यातून अर्ध्यावर परत फिरला होता. पुढच्या प्रवासाला त्याला न्यायला पौलाने साफ नकार दिला, त्यावरून बर्णबाशी तीव्र मतभेद झाला आणि दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला. त्या बेटावर काय घडलं ते "प्रेषितांची कृत्ये" हे पुस्तक सांगत नाही. पण आयुष्याच्या अखेरीस पौलच लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. पंचांच्या बैठकीत पौलाच्या बाजूने बोलणारे नेहमी भरपूर मिळतात. बर्णबाच्या बाजूने बोलणारा एक तरी असावा आणि त्याच्या हाती ठरलेली तारीख असावी. तीन महिन्यांच्या आत त्या तरुणाला तेच काम पुन्हा मिळालं पाहिजे. लहान काम नको, तेच काम. लहान काम दिलं की शिक्षा झाल्याचं सगळ्यांना समजतं.

बाहेरच्या सेवेची भीती निराळी आहे आणि ती खोटी म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. दवाखान्यात प्रार्थनेला गेलो तर कुणी धर्मांतराचा आरोप करील का, हा आजच्या तरुणाचा खरा प्रश्न आहे. त्याला नेमकी माहिती द्यावी. संविधानाचं कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या मर्यादेत धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. त्याच वेळी १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. व्यवहारात याचा अर्थ असा: रुग्णाची आणि दवाखान्याची परवानगी घेतल्याशिवाय प्रार्थना नाही, पालकांच्या संमतीशिवाय मुलांना कार्यक्रमाला नेणं नाही, मदतीचं पाकीट आणि प्रार्थना एकाच भेटीत नाहीत आणि कधीही एकट्याने जायचं नाही. येशूनेही शिष्यांना दोघादोघांना पाठवलं. परत आल्यावर त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांना एकांतात विसावा घ्यायला सांगितलं. पाठवण्यावर आपण पुष्कळ प्रवचनं ऐकतो. ऐकून घेणं आणि विसावा हे मार्काच्या शुभवर्तमानात, पाठवण्याच्याच सहाव्या अध्यायात आहे, चोवीसेक वचनांनी पुढे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सगळं असं पायरीपायरीने, जपून केलं तर देवावर विसंबायला जागा कुठे उरली? पण मोशेने जिभेच्या जडपणाची तक्रार केली तेव्हा देवाने त्याला "मी तुझ्या मुखाला साहाय्य होईन" एवढंच सांगून सोडलं नाही. मोशे तरीही कचरला, तेव्हा देव रागावला हे खरं, पण रागावूनही त्याने बोलायला सोबत भाऊ अहरोन दिला. हातात काठीही दिली.

पाळकांना वेळ नाही हा दुसरा आक्षेप. बरोबर आहे, आणि हे काम एकट्या पाळकांनी करूही नये. मार्गदर्शक उत्तम वक्ता असायची गरज नाही. उलट ज्याची पहिली प्रार्थना फसली होती आणि जो ते हसून सांगू शकतो, तो जास्त कामाचा. तो तरुणाचा आई-बाप नसावा. सहा महिने संपले की नातं औपचारिकपणे संपवावं, नाही तर "माझा मुलगा, मी घडवलेला" हे सुरू होतं आणि पंचांच्या निवडणुकीत त्याचे हिशेब निघतात.

सगळीच भीती घालवायची नसते, हेही मार्गदर्शकाला कळावं लागतं. कुणाला आईने जन्माआधीच नवस बोलून सेवेला वाहिलेलं असतं आणि त्याला आत कुठेतरी ठाऊक असतं की आपलं काम शाळेत किंवा इस्पितळात आहे. त्याची भीती म्हणजे दबलेला नकार असतो. त्याला धीर देऊन सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, ढकललं तर तीनचार वर्षांनी मंडळीला एक दुःखी पाळक मिळतो. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, यवतमाळहून १९८३ साली आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. तिथे ग्रीक शिकवतील, मंडळीचा इतिहास शिकवतील. पण ज्याला पाठवणाऱ्या मंडळीने कधी बोलताना ऐकलेलंच नाही, त्याच्या शिफारसपत्रावर पंचांनी सह्या करताना थोडं थांबायला हवं.

मग एक दिवस तयार झालेला तरुण नोकरीसाठी हिंजवडीला, बेंगळुरूला किंवा दुबईला जातो. मंडळीला वाटतं, मेहनत फुकट गेली. जाताना त्याला एक पत्र मिळतं: बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरणाची तारीख, सभासद असल्याचा दाखला, वर्गणी पूर्ण भरल्याची नोंद. त्याखाली दोन ओळींची जागा सहज असते. एका ओळीत त्याला काय करता येतं: शास्त्रवाचन, आजाऱ्यांची भेट, दहा मिनिटांचा संदेश. दुसऱ्या ओळीत तो अजून कशाला बिचकतो आणि त्याला कुणाच्या शेजारी उभं करावं. पौलाने करिंथकरांना लिहिलेली ओळ यापेक्षा फारशी लांब नव्हती.